कथा कुणाच्या हातून आली?



'जगातल्या पुराणकथा, लोककथा आणि प्राचीन धर्म यांविषयी काय वाचावं?' हा आजचा विषय. त्यावर शे-दीडशे ग्रंथांची यादी सहज देता येईल. पण यादी ग्रंथालयाच्या कामाची असते. वाचायला बसणाऱ्याला आधी हवं असतं ते सुरुवातीचं पुस्तक, आणि ते कसं वाचायचं याचा अंदाज. म्हणून मी मोजकेच ग्रंथ निवडले आहेत. प्रत्येकाबरोबर एकच प्रश्न विचारणार आहे : ही कथा तोंडातून कागदावर कुणी आणली, केव्हा आणि कशासाठी? हा प्रश्न सोबत ठेवला नाही, तर पुराणकथांचं वाचन नुसतं चमत्कारांचं वाचन होऊन जातं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात गिल्गामेशपासून करा. आजच्या इराकमधल्या मोसुल शहराजवळ निनवे या प्राचीन राजधानीचे अवशेष आहेत. इसवी सनपूर्व सातव्या शतकात अश्शुरबनिपाल या राजाने तिथे मोठं ग्रंथालय उभारलं होतं. ग्रंथ म्हणजे मातीच्या पाट्या. ओल्या मातीवर बोरूने खुणा दाबायच्या आणि पाटी वाळवायची, अशी ती कीलाक्षर लिपी. इसवी सनपूर्व 612मध्ये निनवे पडलं, जळालं. त्या आगीत कागदाचं ग्रंथालय असतं तर राख झालं असतं. मातीच्या कित्येक पाट्या मात्र भाजून अधिकच टिकाऊ झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑस्टिन हेन्री लेयार्ड आणि मोसुलचाच सुपुत्र होर्मुझ्द रस्साम यांनी त्या उकरून काढल्या. हजारो तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले.

तिथे ते तुकडे जुळवणाऱ्यांत जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस होता. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. नोटांच्या छपाईसाठी धातूचे ठसे कोरण्याचं काम करता करता तो कीलाक्षरं स्वतःच शिकला होता. 1872मध्ये एका तुटक्या पाटीवर त्याला महापुराची कथा सापडली : नाव, डोंगराला टेकलेलं जहाज, पाणी ओसरलं का हे पाहायला सोडलेले पक्षी. बायबलमधल्या नोहाच्या कथेशी तिचं इतकं साम्य होतं, की त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने ती लंडनमध्ये वाचून दाखवली तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली.

गिल्गामेश हा उरुक नगरीचा राजा. एन्किडू हा त्याचा जिवलग मित्र. मित्र मरतो आणि या बलाढ्य राजाला पहिल्यांदा मरणाची भीती वाटते. अमरत्वाच्या शोधात तो जगाच्या टोकाला जातो आणि रिकाम्या हातांनी परततो. पण हे महाकाव्य एकाच रूपात आपल्यापर्यंत आलेलं नाही. सिन-लेकी-उन्निन्नी या पंडिताच्या नावाशी जोडली गेलेली, बारा पाट्यांची प्रत ही उत्तरकालीन. तिच्या शेकडो वर्षं आधीची जुनी बॅबिलोनी पाटीही आपल्याकडे आहे. तिच्यात भटकणाऱ्या राजाला सिदुरी ही मद्यशाळा चालवणारी बाई सांगते, की अमरत्व देवांनी आपल्याजवळ ठेवलं आहे. तू पोटभर जेव, स्वच्छ कपडे घाल, तुझं बोट धरून चालणाऱ्या लेकराकडे पाहा. पुढच्या प्रतीत सिदुरी आहे, हा उपदेश मात्र नाही. कुणीतरी तो गाळला. का गाळला असेल, याचा विचार करत वाचलं की काव्याचं वजन वाढतं. साध्या माणसाचं सुख हे एका काळाचं उत्तर होतं; दुसऱ्या काळाला राजाच्या पदरी त्याहून कठोर शहाणपण टाकावंसं वाटलं.

हे काव्य अजूनही पूर्ण सापडलेलं नाही. इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया संग्रहालयाने 2011मध्ये एक पाटी विकत घेतली. ती फारूक अल-रावी आणि अँड्रू जॉर्ज यांनी वाचून 2014मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात देवदारवनाचं वर्णन आहे : पक्ष्यांचे आवाज, माकडांचा कलकलाट. त्या वनाचा रक्षक हुंबाबा याला मारून झाडं तोडल्यावर, आपण अरण्याचं उजाड रान केलं याची टोचणी एन्किडूला लागते. जगातल्या अतिप्राचीन महाकाव्यात जंगलतोडीची खंत आहे, हे आपल्या पिढीला पहिल्यांदा कळलं. अँड्रू जॉर्ज यांचंच इंग्रजी भाषांतर हातात घ्या. कुठे पाटी तुटली आहे, कुठला भाग कुठल्या प्रतीतून घेतला आहे, हे ते प्रामाणिकपणे दाखवतात.

गिल्गामेशनंतर लगेच एक छोटा अभ्यास करा. महापुराच्या तीन-चार कथा शेजारी ठेवून वाचा. अत्राहासिस या मेसोपोटेमियाच्या दुसऱ्या काव्यात पूर का येतो? माणसं फार वाढली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडली म्हणून. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात कारण आहे माणसाची दुष्टाई. आणि आपल्या शतपथ ब्राह्मणात? सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो, मला सांभाळ म्हणतो, मोठा होतो आणि पुरात मनूची नाव उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो. तिथे पापाचा हिशेब नाही. आहे ती एका दुबळ्या जिवाला दिलेल्या आश्रयाची परतफेड. अशा कथांतलं साम्य पाहून आपण हरखतो, आणि 'सगळ्या जगाची कथा एकच' असं म्हणून मोकळे होतो. साम्य फक्त दार उघडून देतं. पूर सगळीकडे सारखाच येतो. त्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा, हे प्रत्येक समाजाने आपापलं ठरवलेलं असतं. ते वाचायला शिकणं म्हणजे धर्मांचा तौलनिक अभ्यास.

दुसरा मुक्काम आइसलँड. ओडिन, थोर, लोकी ही नावं आज आपल्या मुलांना सिनेमांमुळे तोंडपाठ आहेत. त्यांच्या मूळ कथा ज्या ग्रंथात एकत्र सापडतात, ती गद्य एड्डा स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती सरदाराने 1220च्या सुमारास लिहिली. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो सन 1000च्या आसपास. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी सोडलेल्या देवांच्या कथा एक श्रद्धावान ख्रिस्ती माणूस लिहितो आहे. का? जुन्या दरबारी काव्यात सोन्याला, लढाईला, जहाजाला देवांच्या कथांतून आलेली कोड्यासारखी नावं असत. कथा विसरल्या की कविता कळेनाशी होणार. तरुण कवींच्या हातून ती कला निसटू नये, म्हणून स्नोरीने हे पाठ्यपुस्तक रचलं. आपल्या धर्माला बाध येऊ नये म्हणून प्रस्तावनेत त्याने या देवांना ट्रॉयकडून आलेले पराक्रमी पुरुष करून टाकलं. एका काव्यप्रेमी माणसाने काव्यासाठी देव वाचवले. राजकारणाच्या धबडग्यात 1241मध्ये स्नोरीचा रेक्होल्ट इथल्या त्याच्याच घरी खून झाला.

गद्य एड्डाच्या जोडीला पद्य एड्डा वाचा. तिची मुख्य प्रत तेराव्या शतकातलं एक छोटं चर्मपत्राचं हस्तलिखित आहे. सतराव्या शतकात ते डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि 1971मध्ये आइसलँडला परत मिळालं. ते घेऊन जहाज रेक्याविकच्या बंदरात आलं तेव्हा स्वागताला मोठा जनसमुदाय जमला होता. एका पोथीसाठी बंदरावर लोटणारा देश डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कथा जपणं हे केवढं सार्वजनिक काम आहे ते लक्षात येईल.

तिसरा ग्रंथ ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांचा, पोपोल वुह. याच्यासाठी मी तुमच्याकडे विशेष आग्रह धरणार आहे, कारण आपल्याकडे तो फार कमी वाचला जातो. स्पॅनिश सैन्याने किचेंचं राज्य 1524मध्ये मोडलं. युकातानमध्ये दिएगो दे लांदा या धर्मगुरूने 1562मध्ये मायांच्या चित्रलिपीतल्या पोथ्या जाळल्या. त्या प्रकारच्या जेमतेम चार पोथ्या आज जगात उरल्या आहेत. अशा काळात, 1550च्या दशकात, किचे सरदारांपैकी काहींनी आपली कथा आपल्याच भाषेत, पण जेत्यांच्या रोमन अक्षरांत लिहून काढली. नावं लिहिली नाहीत. ख्रिस्ती अमलात आपण हे लिहितो आहोत, जुना ग्रंथ आता पाहायला मिळत नाही, असं ते सुरुवातीलाच सांगतात. पुढे 1701 ते 1703च्या दरम्यान चिचिकास्तेनांगो इथल्या फ्रान्सिस्को हिमेनेझ या पाद्र्याने ती प्रत उतरवून घेतली. एका बाजूला किचे, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मूळ प्रत हरवली. हिमेनेझची प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. एका मिशनऱ्याने पोथ्या जाळल्या आणि दुसऱ्याने पोथी वाचवली. इतिहास सरसकट निवाडे करू देत नाही.

त्यातली सृष्टिकथा पाहा. देव आधी मातीचा माणूस करतात, तो विरघळतो. मग लाकडाचा करतात. तो चालतो, बोलतो, पण त्याच्यात काळीज नाही, कर्त्याची आठवण नाही. मग त्याच्यावर त्याचीच भांडी, त्याचे कुत्रे आणि पाटा-वरवंटाही उलटतात : तू आम्हाला रोज रगडलंस, आता आमची पाळी. शेवटी मक्याच्या पिठातून खरा माणूस घडतो. शेत, धान्य, घरातली उपकरणं आणि माणूस यांचं नातं इतक्या निकटपणे सांगणारी सृष्टिकथा मी दुसरी वाचलेली नाही. डेनिस टेडलॉक यांचं 1985चं इंग्रजी भाषांतर घ्या. ते करताना त्यांनी आंद्रेस शिलोख या किचे दिनगणकाला, म्हणजे परंपरेने पंचांग सांभाळणाऱ्या जाणत्याला, शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घेतली. ग्रंथाचे वारस हयात असताना त्यांना विचारणं, ही अभ्यासाची खरी रीत.

आता लोककथांकडे येऊ. ग्रिम बंधूंच्या कथा आपण लहानपणी वाचतो. मोठेपणी त्यांची पहिली आवृत्ती वाचा, 1812ची. जॅक झाइप्स यांनी ती इंग्रजीत आणली आहे. तिच्यात हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. पुढच्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिला सावत्र केलं. 1857च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते कथांवर असे हात फिरवत राहिले. सख्ख्या आईचं पावित्र्य त्या काळच्या मध्यमवर्गाला जपायचं होतं, आणि त्याची किंमत सावत्र आयांनी जगभर मोजली.

या विषयात आपल्या मातीतला एक ग्रंथ आहे आणि तो जागतिक मोलाचा आहे. 1868मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने ते तयार केलं. दख्खनच्या दौऱ्यावर वडिलांबरोबर असताना तिच्या सोबतीला अ‍ॅना लिबेराता डिसूझा ही आया होती. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेलं. तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या कथा सांगितल्या, मेरीने त्या लिहिल्या. मुखपृष्ठावर नाव मेरीचं असलं तरी अ‍ॅनाचं आत्मकथन तिने पुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून घातलं. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांपैकी कितीतरी जणांनी सांगणाऱ्याचं नावसुद्धा ठेवलं नाही. म्हणून हे प्रकरण कथांच्याही आधी वाचा. लिंगायत घराण्यातली आजी, ख्रिस्ती नात, इंग्रज लेखिका : या तीन बायकांच्या हातांतून गेलेली कथा शुद्ध कुणाची, हा प्रश्न तिथे गळून पडतो.

मग विवेचक ग्रंथांचं काय? ते जरूर वाचा, पण मूळ कथांनंतर. जेम्स फ्रेझर यांचं 'द गोल्डन बाउ' 1890मध्ये दोन खंडांत आलं आणि वाढत वाढत बारा खंडांचं झालं. त्यातला माहितीचा साठा प्रचंड आहे. पण ती माहिती दुसऱ्यांनी पाठवलेली, आणि सिद्धांत आधी ठरलेला. जोसेफ कॅम्पबेल यांचं 1949चं 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' वाचायला मोहक आहे. पण सगळ्या वीरांना एकाच वाटेवर चालवण्याच्या भरात सिदुरीचा उपदेश, मक्याचं पीठ, ओंजळीतला मासा हे सारं त्यांच्या चाळणीतून खाली पडतं.

याच्या उलट आपल्या अभ्यासकांची रीत पाहा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या 1962च्या ग्रंथात पुण्याच्या आसपासचे डोंगर, वाटा, शेंदूर फासलेल्या देवी आहेत. ते स्वतः पायी हिंडले; जुन्या पायवाटा जिथे मिळतात तिथे मातृदेवतांची ठाणी का, हे त्यांनी जमिनीवर तपासलं. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984च्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाची पाळंमुळं गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेली. दुर्गाबाई भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' यांची मराठी वाचकाला नव्याने ओळख करून द्यायला नको. यांच्यावर वाढलेला वाचक गिल्गामेशकडे वळला, तर तो पाहुण्यासारखा जाणार नाही. खंडोबाच्या दोन बायका, बाणाई आणि म्हाळसा, यांच्यामागे धनगर आणि वाणी असे दोन समाज उभे आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला देवांच्या लग्नांत जमातींचे करार वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा येत्या वर्षासाठी एवढं करा. गिल्गामेश, एड्डा आणि पोपोल वुह हे तीन मूळ ग्रंथ वाचा. त्यांच्या जोडीला 'ओल्ड डेक्कन डेज' आणि ढेऱ्यांचा विठ्ठल ठेवा. दर ग्रंथाच्या पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहा : कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, केव्हा, कशासाठी. आणि घरात, गावात कुणी व्रताची कहाणी, ओवी, एखाद्या देवीची गोष्ट सांगत असेल, तर ती त्याच तपशिलांसह उतरवून घ्या. सांगणाऱ्या बाईचं नाव सगळ्यात वर लिहा. किचे सरदारांना आपली नावं लपवावी लागली. आपल्यावर तशी सक्ती नाही. मग आपल्या काळातल्या सांगणाऱ्या निनावी राहिल्या, तर तो दोष आपला असेल.