चिमी हरवली तेव्हा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘सोसायटी आणि मी’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी 2000 साली सोसायटीची नोंदणी कशी झाली ते सांगितलं. 26 जुलै 2005 ची ती भयंकर रात्र सांगितली. 2016 साली आपल्या पनवेलची महानगरपालिका झाली तेही सांगून झालं. मी शाळामास्तरीण. इतिहास सांगायला मला आवडलं असतं, पण माझ्या वाटचा सगळा इतिहास संपलाय. म्हणून मी एका मांजराची गोष्ट सांगणार आहे. पुष्कळांना ती अर्धी माहीत आहे, उरलेली अर्धी सांगायला मी मुद्दाम हा माईक मागून घेतला.

आमची चिमी तुम्हाला ठाऊक आहे. पांढरी, पाठीवर काळा डाग, शेपटी जरा वाकडी. 2017 च्या पावसाळ्यात ह्यांनी तिला भाजी बाजारातून पिशवीत घालून आणली. मी म्हटलं, “भेंडी आणायला पाठवलं होतं.” हे म्हणाले, “भेंडी महाग होती.” झालं! तेव्हापासून ती आमच्या घरात. उंबऱ्याबाहेर तिचं पाऊल कधी पडलं नाही. डॉक्टरांकडे जायची ती टोपलीतून, तेही सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतकं ओरडत. हे गेले त्याला आता चार वर्षं झाली. ह्यांच्या खुर्चीवर तेव्हापासून चिमीच झोपते. घरी आलेल्या पाहुण्याला मी त्या खुर्चीवर बसू देत नाही. लोक समजतात, मांजराचे लाड आहेत. असू देत.

गेल्या एप्रिलमध्ये आपल्या इमारतींना रंग काढायचं काम निघालं. आठवतंय ना? बी विंगला बांबूची परांची बांधली, वरून हिरवी जाळी सोडली, आणि महिनाभर आपण सगळे हिरव्या उजेडात राहिलो. एका बुधवारी दुपारी मी जरा आडवी झाले होते. चार वाजता उठले तर खुर्ची रिकामी. पलंगाखाली नाही, कपाटावर नाही, वॉशिंग मशीनच्या मागे नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले तर कबुतरांसाठी लावलेल्या जाळीचा कोपरा लोंबतोय, आणि त्याला लागूनच बाहेर परांची. तिसऱ्या मजल्यावरून खाली जायला मांजराला यापेक्षा चांगला जिना कोणता?

परांचीवर एक मुलगा घासपट्टीने भिंत घासत होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मी त्याला तिथूनच ओरडले, “जाळी तू कापलीस ना?” तो म्हणाला, “नहीं मौसी, मैंने हाथ भी नहीं लगाया.” मी काही ऐकून घेतलं नाही. तशीच खाली गेले, ऑफिसातली तक्रारवही उघडली आणि पान भरून लिहिलं. वळणदार अक्षरात, एकही शुद्धलेखनाची चूक न करता. संध्याकाळी कंत्राटदाराला बोलावून सगळ्यांच्या देखत पुन्हा बोलले. तो मुलगा शेजारी हातात टोपी घेऊन उभा होता.

मग शोध सुरू झाला. आता सोसायटीचं कौतुक करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. ए विंगच्या मुलांनी रात्रीतून फोटोचे कागद छापून आणले. सी विंगच्या दोन तरुणांनी स्कूटरवरून स्टेशनपर्यंतचा सगळा भाग पालथा घातला. कुणी गाढी नदीच्या काठापर्यंत जाऊन आलं. ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. खांदा कॉलनीतलं पांढरं मांजर, जुन्या पनवेलमध्ये वडाळे तलावाच्या कडेला बसलेलं पांढरं मांजर, एकाने तर पांढरा बोका पाठवला! मी प्रत्येक ठिकाणी रिक्षा करून गेले. एक फोन आला, “तुमचं मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार पाठवा.” मी म्हटलं, “शेपटीचा फोटो पाठव.” फोन बंद. मुलांनो, हे लक्षात ठेवा. कुणाचा प्राणी हरवला आणि कागद चिकटवले, तर एखादी खूण आपल्यापाशीच ठेवावी.

तिसऱ्या दिवशी ए विंगच्या तळमजल्यावरच्या ताई वर आल्या. या ताई भटक्या मांजरांना खायला घालतात म्हणून आपण त्यांना काय काय बोललो आहोत, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात मीही होते. जिन्याखाली वाटी ठेवतात म्हणून एका सर्वसाधारण सभेत मी स्वतः उठून बोलले होते. त्यांनी ते काढलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही फार लांब शोधताय.”

मग त्यांनी मला जे शिकवलं ते नोकरीच्या तेहतीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. बाहेर हिंडायची सवय असलेलं मांजर हरवणं वेगळं आणि घरकोंबडं मांजर बाहेर पडणं वेगळं. घरातलं मांजर बाहेर पडलं की हिंडायला जात नाही, घाबरून पहिली जी फट मिळेल तिथे शिरतं. आणि तिथे गप्प बसतं. आपण हाक मारली, आपला आवाज त्याने ओळखला, तरी ते म्याव करत नाही. ओरडलं तर शत्रूला ठाव लागेल, एवढंच त्याला त्या वेळी कळतं. आपण “चिमी, चिमी” म्हणत पाच-सहा जण मिळून फिरतो, त्याने ते आणखी आत सरकतं.

माझ्या भाच्याने मग त्याबद्दल शोधून वाचून दाखवलं. 2018 साली ‘अ‍ॅनिमल्स’ नावाच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. बाराशेहून जास्त हरवलेल्या मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली होती. त्यातली साधारण एक तृतीयांश सात दिवसांच्या आत जिवंत सापडली. आणि जी सापडली, त्यांतली तीन चतुर्थांश घरापासून 500 मीटरच्या आतच होती. घरात राहणारी तर त्याहूनही जवळ. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पायी फिरून, वाकून, कोपरा न् कोपरा बघण्याचा. म्हणजे रिक्षाचे पैसे माझे फुकट गेले होते.

ताईंनी पद्धत लावून दिली. रात्री दोन वाजता, रस्त्यावरची वर्दळ थांबली की निघायचं. दोघींनीच. बॅटरी डोळ्यांच्या पातळीला धरायची आणि प्रकाश जमिनीलगत फिरवायचा. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, त्यावर उजेड पडला की हिरवट चमकतो. मांजर दिसलं नाही तरी डोळे दिसतात. मीटररूम, पंपरूम, जिन्याखालचं अडगळीचं सामान, गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमध्ये, गच्चीवर टाक्यांच्या मागे. माझी वापरातली साडी दाराबाहेर पसरून ठेवायची, वासासाठी. आणि सुकट! सुकट जरा भाजून वाटीत घालायची, म्हणजे वास लांब जातो. पण वाटी तिथेच ठेवून यायचं नाही, नाहीतर चिमीच्या आधी ताईंची सगळी प्रजा जेवून जाते. तिसऱ्या मजल्यावर रात्री दोनला सुकट भाजण्याचा वास आला म्हणून समोरचे काका दार उघडून बाहेर आले. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, “थांबा, माझ्याकडे मोठी बॅटरी आहे.”

तिसरी रात्र गेली, चौथी गेली. एप्रिलचा उकाडा. ताई म्हणाल्या नाहीत, पण मी डॉक्टरांना विचारलं होतं. मांजराने चार-पाच दिवस काही खाल्लं नाही तर त्याचं यकृत बिघडायला लागतं, आणि पाणी मिळालं नाही तर त्याआधीच संपतं. मी घरी येऊन त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायची. हे गेले तेव्हा रडले नव्हते इतकी त्या रात्री रडले. कशासाठी रडतेय ते मला नीटसं कळतही नव्हतं.

सोमवारी सकाळी सात वाजता दारावरची बेल वाजली. दारात तो रंगाचा मुलगा. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “मौसी, नीचे चलो. पैर का निशान है.”

माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर आदल्या संध्याकाळी त्याने प्रायमर मारला होता. त्या ओल्या पांढऱ्या थरात मांजराच्या पंजाच्या चार खुणा. तिथून पुढे बंद फ्लॅटच्या बाल्कनीच्या ग्रिलपर्यंत आणखी दोन. तो फ्लॅट सहा महिने बंद आहे, मालक दोह्याला असतात. बाल्कनीत जुनी खोकी रचलेली, बाहेरून हिरवी जाळी. खालून कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. रात्री ती बाहेर आली असावी, बहुधा पाणी शोधायला, आणि पुन्हा आत गेली होती. घासकाम करणाऱ्यांच्या बादलीतलं पाणी प्यायली असेल, म्हणून जगली. माझ्या घरापासून किती दूर? बारा फूट. खाली सरळ रेषेत.

मालकांच्या बहिणीला खारघरहून किल्ली घेऊन यायला दोन तास लागले. मी आत जाऊन बाल्कनीत जमिनीवर बसले, साडी पसरली, सुकट ठेवली. खोक्यांच्या मागून माझ्यावर फिस्कारलं कुणीतरी! आठ वर्षं मांडीवर झोपलेलं मांजर मला ओळखत नव्हतं. ताईंनी बजावलं होतं, हात घालायचा नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. तासभर मी पाठ करून बसले. मग कोपराला काहीतरी खरखरीत लागलं. तिची जीभ. डॉक्टरांनी पंजे साबणाच्या पाण्याने धुऊन दिले, सलाईन लावलं, आणि संध्याकाळी ती आपल्या खुर्चीवर होती. ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

आता उरलेली अर्धी.

दोन दिवसांनी मी जाळीवाल्याला बोलावलं. त्याने कोपरा हातात घेतला आणि म्हणाला, “बाई, ही कापलेली नाही. गाठ सोडलेली आहे.” मी पाहिलं तर कोपऱ्याला परकराची नाडी लोंबत होती. माझीच नाडी. बाहेरच्या कुंडीला पाणी घालता यावं म्हणून मी तो कोपरा नाडीने बांधायची. रंगकामासाठी कुंड्या आत घ्या अशी नोटीस लागली होती, म्हणून मंगळवारी मी गाठ सोडून कुंडी आत घेतली. तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा बांधायची राहिली.

मी धावत खाली गेले. तो मुलगा नव्हता. माझ्या तक्रारीवरून कंत्राटदाराने त्याची दोन दिवसांची मजुरी कापली होती आणि चिमी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला तळोज्याच्या कामावर पाठवून दिलं होतं. म्हणजे ज्या सकाळी त्याने माझी बेल वाजवली, त्या सकाळी त्याला ठाऊक होतं की या बाईमुळे आपले पैसे गेले. तरी त्याने बेल वाजवली.

त्याच्या सोबतच्यांकडून नंबर मिळवायला मला आठवडा लागला. तोवर तो गावी पोचला होता. मी फोनवर हिंदीत काय बोलले मला आठवत नाही, माझं हिंदी तसं कच्चंच. मी दोन दिवसांची मजुरी पाठवते म्हटलं. तो आधी नको म्हणाला, मग घेतली. आणि माझं बोलणं मध्येच तोडून त्याने विचारलं, “बिल्ली ठीक है ना, मौसी?”

पैसे पोचले. पण मी त्याला बोलले होते ते पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर. माफी मात्र फोनवर, एकटीने मागितली. हा हिशोब बरोबर नाही, हे गणित न शिकवणाऱ्या शिक्षिकेलाही कळतं. म्हणून आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगते : चूक माझी होती. त्याने जाळीला हात लावला नव्हता.

पंचवीस वर्षांत आपण वॉचमन बदलले, सफाईवाले बदलले, रंगारी, प्लंबर, लिफ्टवाले आले आणि गेले. आपल्या तक्रारवहीत त्यांच्याबद्दल पानंच्या पानं आहेत. मी ती वही परवा पहिल्यापासून चाळली. त्यांचं म्हणणं काय होतं, ते एकाही पानावर लिहिलेलं नाही. सचिवांना माझी एकच विनंती आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल, त्याचं म्हणणं दोन ओळींत त्याच पानावर लिहून घ्यावं. कार्यकारिणीने पुढच्या सभेत हा विषय घ्यायचं कबूल केलंय, त्याबद्दल आभार.

माझ्यापुरतं मी केलंय. एप्रिलच्या त्या पानाखाली, त्याच वळणदार अक्षरात, “वरील तक्रार खोटी होती, जाळीची गाठ मी स्वतः सोडली होती” असं लिहून सही केली आणि तारीख घातली.

चिमी बरी आहे. खिडकीला आता नाडी नाही, पक्की तार आहे. ए विंगच्या ताईंची वाटी जिन्याखालीच असते, आणि महिन्यातून एकदा त्यात सुकट माझ्याकडून जाते.

बाळगोपाळांनो, उठा आता. जेवण वाढलंय.