मोबाईल आणि चक्कर
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. रेल्वेतला डिप्लोमा इंजिनीअर आहे. दोन्ही रूळ योग्य पातळीत आहेत की नाहीत हे पाहणे माझे काम. गेल्या वर्षी माझीच पातळी बिघडली, म्हणून बोलायचे धाडस करतो.

त्या आठवड्यात रोज रात्री ब्लॉक होता. मोबाईल एकतर कानाला, नाहीतर मान वाकवून डोळ्यांपुढे. एका पहाटे कूस बदलली आणि खोली गरगर फिरली. 'अनफिट' ठरवतील या भीतीने चार दिवस घरीही बोललो नाही. पाचव्या दिवशी पुलावर मान वर केली आणि तोल गेला. मागच्या कीमॅनने दंड पकडला, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

डॉक्टरांना म्हणालो, "मोबाईलच्या लहरींनीच झाले." त्यांनी मला आडवे करून मान वळवली, डोळे पाहिले आणि हसले. आपल्या कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, जणू तीन दिशांच्या तीन पाणसळी. शेजारचे चुन्याचे सूक्ष्म कण सुटून नळीत शिरले की मेंदूला खोटा रिपोर्ट जातो. या तोलयंत्रणेच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चे नोबेल मिळाले. अमेरिकेच्या डॉ. जॉन एप्ली यांच्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने वळवून माझे कण जागेवर आणले. दोन खेपांत बरे वाटले.

मग मोबाईल निर्दोष का? लहरींमुळे अशी चक्कर येते हे सिद्ध झालेले नाही. पण तासन्‌तास वाकलेली मान आखडते, झोप मोडते आणि चक्करेचा त्रास असलेल्याला तो अधिक जाणवतो. दुर्ग-रायपूर लोकलमध्ये मोबाईल पाहत बसलात, तर डोळे सांगतात 'स्थिर', कान सांगतो 'चालू'. या भांडणात मळमळते, डोके गरगरते.

म्हणून मोबाईल डोळ्यांच्या पातळीत धरा, मधूनमधून खाली ठेवा, उशाशी घेऊन झोपू नका. रुळांजवळ तर तो खिशातच असू द्या. चक्करेबरोबर बोलणे अडखळले, एकाची दोन दिसू लागली किंवा हातपाय लुळे पडले, तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठा.

आणि माझ्यासारखे चार दिवस लपवू नका. प्रत्येकाच्या मागे कीमॅन असतोच असे नाही.

गणपती बाप्पा मोरया!