आवाज डब्यात असतो

आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. दोन ट्रेलर ऊस आणि वर दणक्यात लावलेली गाणी! मोटारींचेही तसेच. शेजारी एखादी गाडी येऊन थांबते, काचा थरथरतात, पण गाणे कोणते ते कळत नाही. नुसताच धडधडाट. गाडीच्या मालकाला वाटते, आणखी मोठा वूफर घेतला की झाले. खरी गोष्ट वेगळी आहे. खर्जाचा आवाज जितका स्पीकरचा, तितकाच त्याच्या डब्याचा असतो. आज त्या डब्याविषयी, विशेषतः फायबरच्या डब्याविषयी बोलायचे आहे.

डबा लागतोच कशाला? स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्जाची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. इतकी लांब लाट स्पीकरच्या कडेने सहज मागे वळते, मागच्या लाटेला भेटते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून वूफर नुसता हातात धरून वाजवला तर आवाज पिचका येतो. पाठीमागून तो बंद केला की खर्ज उभा राहतो. शिवाय डब्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे ओढते. डबा फार लहान झाला तर ही स्प्रिंग ताठ होते आणि प्रत्येक गाणे एकाच सुरात घुमू लागते. फार मोठा झाला तर पडदा सैल सुटतो आणि जोराने वाजवताना फाटूही शकतो. डग्ग्याचे भांडे बिघडले तर वर कितीही उत्तम पुडी चढवा, घुमारा येत नाही. तसेच हे.

लाकडी पेटी करणे सोपे, पण ती निम्मी डिकी खाते. डिकीच्या कडेला, चाकाच्या वरच्या बाजूला एक वाकडातिकडा कोपरा असतो. तो एरवी वायाच जातो. फायबरचा डबा नेमका त्या कोपऱ्याच्या आकाराचा होतो. दुसरा फायदा बाकाचा. सपाट फळी आवाजाबरोबर थरथरते, वळणदार कवच ताठ राहते. अंड्याचे कवच पातळ असूनही दाब सोसते, ते त्याच्या गोलाईमुळे.

आता कृती. कोपऱ्यातल्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर आणि वर अॅल्युमिनियमची फॉइल लावतात, म्हणजे रेझिन गाडीला चिकटत नाही. त्यावर काचेच्या तंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवतात आणि ब्रशने दाबून आतली हवा काढतात. दोन-तीन थर वाळले की कवच बाहेर काढून उरलेले थर बाहेर चढवतात. साधारण ६ मिलिमीटर जाडी हवी. स्पीकर बसवण्यासाठी एमडीएफची कडी करून ती योग्य कोनात टेकूवर उभी करतात. कडीपासून कवचाच्या कडेपर्यंत बनियनसारखे ताणले जाणारे कापड ओढून बसवतात. त्याला रेझिन पाजले की ते कडक होते. मग त्यावर मॅटचे थर, पुट्टी, पॉलिश पेपर आणि शेवटी रंग किंवा कापड.

पण कडी कायमची बसवण्याआधी डबा मोजा. अशा वेड्यावाकड्या आकाराचे माप पट्टीने घेता येत नाही. त्याला आपली बाजरी कामाला येते. आत प्लॅस्टिकची पिशवी पसरा, डबा बाजरीने भरा आणि ती लिटरच्या मापाने मोजून बाहेर काढा. जेवढे लिटर बाजरी, तेवढे लिटर हवा. त्यातून स्पीकरच्या चुंबकाने अडवलेली जागा वजा करा. १२ इंची वूफरच्या बंद डब्याला बहुधा २५ ते ३५ लिटर लागतात. नेमका आकडा स्पीकरसोबतच्या कागदावर असतो. ती बाजरी मात्र पुन्हा खाण्यात वापरू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. रेझिन घट्ट करायला हार्डनर लागतो, लिटरला साधारण १० ते २० मिलिलिटर. उन्हाळ्यात मिश्रण फार लवकर गोठते आणि डब्यात तसेच राहिले तर तापून धूर सोडते. म्हणून काम सकाळी आणि थोडे थोडे करावे. काही ठिकाणी कोबाल्ट वेगळा मिळतो. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. रेझिनमधून उठणारी वाफ स्टायरिनची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या असलेला मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी जागा हवी. बंद शटरच्या आत हे काम करणारी मुले आपल्या आयुष्याची किंमत मोजत असतात.

राहिले कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० चा फक्त ४ तास, आणि १०० डेसिबलचा अवघी २० मिनिटे. बंद काचांच्या गाडीत १०० गाठायला वेळ लागत नाही. शिवाय एवढ्या आवाजात मागच्या वाहनाचा हॉर्न चालकाच्या कानापर्यंत पोचत नाही. उसाचा ट्रॅक्टर असो की मोटार, रस्त्यावर त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो. मापात केलेल्या डब्याचा मोठेपणा असा की, आवाज निम्म्यावर आणला तरी त्यातला ढोल ढोलासारखा आणि पखवाज पखवाजासारखा ऐकू येतो.

तेव्हा कारागिराकडे जाल तर स्पीकर किती वॅटचा एवढेच विचारू नका. डबा किती लिटरचा, हे विचारा. तो गाडीला बोल्टने पक्का केला आहे ना, आणि बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे ना, हेही पाहा. आणि काम करणाऱ्या मुलाकडे चष्मा-मास्क नसेल, तर ते आणण्याचा आग्रह धरा. दोन-चार पैसे जास्त लागले तरी द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)