साखर, डोळे आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या पोरांनी मला सांगितले, "काका, यंदा तुम्ही दोन शब्द बोला." मी काही वक्ता नाही. जन्मभर पोस्टात टपाल लावण्याचे काम केले. लोकांची वेडीवाकडी अक्षरे वाचून पोट भरले. पण एका विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे. तो विषय म्हणजे साखरेचा आजार आणि त्यापायी जाणारी नजर. आज माझ्या डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्या डोळ्याने माणूस दिसतो, पण तो कोण हे आवाजावरून ओळखावे लागते. वर्षावासात या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन मी करीत असे. आता ते आपल्या वस्तीतली एक मुलगी करते आणि मी ऐकतो. फार छान वाचते.

बंधू-भगिनींनो, हा रोग होतो कसा ते आधी साध्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. आपण जे पाहतो त्याचे चित्र त्या पडद्यावर उमटते. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली की त्या कमजोर होतात आणि पाझरू लागतात. पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली की अक्षरे पुसट आणि सरळ रेघ वाकडी दिसते. काही वाहिन्या बंद पडतात. मग रक्त कमी पडले म्हणून डोळा नव्या वाहिन्या तयार करतो, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. माझ्या डाव्या डोळ्यात असेच झाले. सकाळी दाढी करताना काळे धागे तरंगल्यासारखे दिसले आणि दुपारपर्यंत समोर पडदा पडला. दुखले मात्र अजिबात नाही.

हे 'दुखत नाही' फार घातक आहे. आपली माणसे दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत. हा रोग तर बराच पुढे जाईपर्यंत दुखतही नाही आणि नजरही कमी होत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. 2015 ते 2019 या काळात सरकारने पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. तीत जवळजवळ दर सहा मधुमेहींपैकी एकाच्या पडद्यावर या रोगाच्या खुणा सापडल्या. या सभागृहातले मधुमेही मोजले तर तो सहावा माणूस इथेच बसलेला असेल.

म्हणून ज्याला साखर आहे त्याने वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घातल्यावर चार-सहा तास अंधुक दिसते. तेव्हा सोबत कुणाला तरी न्या आणि स्वतः गाडी चालवू नका. ज्या बहिणीला आधीपासून मधुमेह आहे, तिने दिवस राहिल्यावर लगेच डोळे दाखवावेत, कारण गरोदरपणात हा रोग झपाट्याने वाढू शकतो.

आता उपचार. लोक मला विचारतात, "काका, मोतीबिंदू काढला की दिसेल ना?" मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भिंगात असतो आणि हा रोग मागच्या पडद्याचा आहे. दुसरे विचारतात, "नेत्रदानाचा डोळा बसवता येत नाही का?" नेत्रदानातून पुढची काचेसारखी बुबुळाची चकती बसवतात. पडदा बदलता येत नाही.

पडद्यावर लेसर करतात. यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचे आणि समोर प्रकाशाचे झोत चमकतात. नव्या कच्च्या वाहिन्यांवर वेळेत लेसर केले तर नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात 1976 सालीच दिसून आले. पण लेसर आहे ती नजर राखण्यासाठी असते. गेलेली परत आणण्यासाठी नसते. माझ्याच शेजारच्या गृहस्थांनी "लेसरने काही फरक पडला नाही" म्हणून पुढच्या तारखा सोडून दिल्या. फरक पडला नाही म्हणजे नजर टिकली होती! हे त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते.

सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. नाव ऐकूनच माणूस घाबरतो. मीही आदल्या रात्री झोपलो नव्हतो. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करतात, औषधाने धुतात आणि पांढऱ्या भागात बारीक सुई जाते. दाबल्यासारखे वाटते, काही सेकंदांत काम संपते आणि त्याच दिवशी घरी येता येते. मात्र एका इंजेक्शनाने भागत नाही. सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला यावे लागते. नंतर डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा एकदम कमी दिसू लागले, तर उद्यावर न ढकलता तडक दवाखाना गाठा. रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतात. तिथे आधी जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला कोणता उपचार बसतो, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

काही लोक म्हणतात, डोळे जाणे हे गेल्या जन्मीचे पाप. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेरांची गोष्ट आहे. वैद्याने आडवे होऊन औषध घालायला सांगितले होते. पण तीन महिने पाठ टेकायची नाही असा त्यांचा निश्चय होता. औषध नीट घातले गेले नाही आणि डोळे गेले. अट्ठकथा पुढे मागच्या जन्माचे कारण देते. बाबासाहेबांनी मात्र आपल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हे मत नाकारले आहे. मला तर त्या गोष्टीत एवढेच दिसते, की औषध सांगितल्याप्रमाणे घेतले पाहिजे. गिरिमानंद सुत्तात शरीराच्या रोगांची यादी आहे. तिच्यात डोळ्यांचा रोगही आहे आणि मधुमेहही आहे. शरीर आहे तिथे रोग आहे. त्यात लाज कसली?

खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटची वर्षे फार त्रास दिला. नजरही अधू झाली होती. तरी त्यांनी ग्रंथ पुरा केला. तो 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्या काळी आजची इंजेक्शने आणि लेसर नव्हते. आपल्याला आहेत.

रोजच्या जगण्याचे थोडे सांगतो. साखरेबरोबर रक्तदाबही ताब्यात ठेवा, कारण तोही पडदा बिघडवतो. माझ्या सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर आहे आणि रात्रीच्या डबीला दोन. पायाची जखम मला दिसत नाही, म्हणून मंडळी रोज माझे तळवे बघतात. चाळीस टक्के किंवा जास्त अंधत्व असेल तर अपंगत्वाचा दाखला काढून घ्या.

समितीला दोन विनंत्या आहेत. बुद्धपौर्णिमेला खीरदान जरूर करा, पण साखरवाल्याला आग्रह करू नका. जे उपासक इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी उपोसथाचा उपवास डॉक्टरांना विचारून करावा, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते. आणि दुसरी विनंती, वर्षावास सुरू होण्याआधी एक रविवार ठरवून वस्तीतल्या सगळ्या मधुमेहींना एकत्र तपासणीला न्या. एकट्याला भीती वाटते, दहा जण मिळून गेले की वाटत नाही. पहिल्या रविवारी मी येतो. मला कुणीतरी हाताला धरून न्या म्हणजे झाले.

सर्वांचे डोळे शाबूत राहोत, एवढी मंगलकामना करून माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!