होजवर छापलेली ओळ

घाटनांदूर हे लातूर रोड ते परळी या रेल्वेमार्गावरचं, अंबाजोगाई तालुक्यातलं मोठं गाव. इथून परळीच्या औष्णिक वीज केंद्राकडे निघा, नाहीतर उसाच्या शिवारांकडे वळा; वाटेत दिसणारी बरीचशी यंत्रं तेलाच्या दाबावर काम करतात. विहिरीचा गाळ काढणारा जेसीबी, मुरूम ओतणारी डंपिंग ट्रॉली, बोअर घेणारी गाडी, ट्रॅक्टरमागचा पलटी नांगर, हंगामात उसात उतरणारं हार्वेस्टर. साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या रोलांवरचा भारसुद्धा हायड्रोलिक दाबानेच दिलेला असतो. या सगळ्यांत पोलाद भरपूर, आणि पंपापासून जॅकपर्यंत तेल नेणारा होज तेवढा रबरी. यंत्र घेताना इंजिन, टायर, बँकेचा हप्ता, सगळं चार जणांना विचारून ठरतं. होज फुटला की मात्र जुना तुकडा घेऊन दुकान गाठायचं आणि ‘असाच द्या’ म्हणायचं, एवढ्यात निवड संपते. माझं म्हणणं असं, की होजची निवड डोळ्यांनी करताच येत नाही. ती यंत्राच्या दाबावरून आणि होजच्या अंगावर छापलेल्या ओळीवरून करावी लागते.

आधी दाब म्हणजे किती, ते पाहू. जेसीबीसारख्या यंत्रात तेलाचा दाब अडीचशे बारच्या आसपास जातो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा भार. म्हणजे नखाएवढ्या जागेवर अडीचशे किलो. अर्धा इंची होजचं आतलं तोंड सव्वा चौरस सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठं असतं, तेव्हा टोकाला दाबून बसवलेलं फिटिंग उडवून लावायला तेल तीनशे किलोंहून जास्त जोर लावत असतं. हा जोर रबर पेलत नाही. आतली नळी तेल न झिरपू देणाऱ्या रबराची, वरची साल ऊन आणि घासणं सोसणारी. ताकद असते ती दोघींच्या मधल्या पोलादी तारांच्या विणीत. ही वीण बाहेरून दिसत नाही. नव्या, काळ्या, चकचकीत सालीखाली एक पदर आहे की दोन, तारा चांगल्या आहेत की गंजलेल्या, हे हाताला कळत नाही.

म्हणून छापलेल्या ओळीला महत्त्व. युरोपच्या ई.एन. ८५३ या मानकात तारांच्या दोन पदरांच्या होजचे आकडे दिलेले आहेत. पाव इंची होजला ४०० बार, अर्धा इंचीला २७५, पाऊण इंचीला २१५ आणि एक इंचीला १६५. वीण त्याच प्रकारची, पदर तेवढेच. आतलं भोक मोठं होत गेलं तसा पेलण्याचा दाब उतरत गेला. मोठा होज म्हणजे मजबूत होज ही समजूत इथेच मोडते. अर्ध्या इंचीच्या जागी ‘जरा दणकट असू दे’ म्हणून दोन पदरांचाच एक इंची बसवला, तर अडीचशे बारच्या यंत्रावर १६५ बारचा होज बसला. तारांचा एकच पदर असलेला अर्धा इंची होज १६० बारचा असतो, आणि दुकानाच्या खुंटीवर तो दोन पदरांच्या शेजारीच टांगलेला असतो. लांबून पाहिलं तर दोघे भाऊच. फरक सांगते ती फक्त छापील ओळ: कोणाचा माल, कोणतं मानक, किती आकार, किती कामाचा दाब, आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनला. ज्या होजवर ही ओळच नाही, किंवा ती पुसून गेली आहे, तो स्वस्त असो की महाग, दाबाच्या लाइनवर घेऊ नये.

यावर जाणकार मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. होज फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या चौपट ठेवलेला असतो, हे खरं आहे. मग २७५ च्या जागी १६० चा लावला तर तो ६४० ला फुटेल, यंत्र तर अडीचशेवरच चालतं, बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की चौपटीचा आकडा नव्याकोऱ्या होजचा, कारखान्यात हळूहळू दाब चढवून काढलेला. शेतात दाब हळूहळू चढत नाही. बकेट दगडावर आपटते, भरलेली ट्रॉली खड्ड्यातून जाते, ऑपरेटर लिव्हर झटकन सोडतो. त्या क्षणी चढलेला दाब साध्या गेजच्या काट्याला दाखवताही येत नाही. होज थकतो तो अशा झटक्यांनी. म्हणूनच मानकात झटक्यांची वेगळी चाचणी आहे: दोन पदरांच्या होजने कामाच्या दाबाच्या १३३ टक्के दाबाचे दोन लाख झटके, तेल १०० अंशांवर असताना, सोसले पाहिजेत. दोन लाख ऐकायला प्रचंड वाटतात. मिनिटाला चार झटके धरा, तासाला २४० होतात. आठ तासांच्या दिवसात १,९२०. साडेतीन महिन्यांत दोन लाख पुरे. योग्य होजवर रोजचे झटके चाचणीएवढे कडक नसतात, म्हणून तो पुष्कळ जास्त टिकतो. १६० बारवाल्यावर मात्र प्रत्येक झटका चाचणीपेक्षाही कडक पडतो. चौपटीची शिल्लक झटक्यांसाठी आणि म्हातारपणासाठी ठेवलेली असते. ती पहिल्याच दिवशी खर्च करायची नसते.

म्हातारपणाचा मुद्दा आपल्या भागात अधिक जाचतो. बहुतेक होज १०० अंश सेल्सियसपर्यंतच्या तेलासाठी बनतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवाच चाळिशी ओलांडते, आणि कामावरचं तेल हवेपेक्षा बरंच तापलेलं असतं. तेलाचा कूलर धुळीने बुजलेला असेल, तर शंभर फार लांब राहत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब धरला जातो. त्यातून आपलं काम हंगामी. गाळप संपलं की हार्वेस्टर आणि ट्रॉल्या पावसाळाभर उघड्यावर उभ्या. साल कुठेतरी घासून फाटलेली असते, पाणी तारांपर्यंत जातं, आणि यंत्र एक तासही न चालता होज चार महिन्यांनी कमजोर होऊन हंगामाला हजर होतो. जर्मनीच्या डी.आय.एन. २००६६ या मानकात जोडणी केलेल्या होजला सहा वर्षांची मर्यादा सुचवली आहे, आणि त्यातली साठवणीत गेलेली दोन वर्षांपेक्षा जास्त नसावीत. आपल्या उन्हात मी याहून सैल हिशेब धरणार नाही. दुकानात घडीभर थांबून बनवल्याची तिमाही वाचली, तर ‘नवा’ म्हणून हाती येणारा होज किती जुना आहे ते तिथेच कळतं.

‘मग सरळ फोर वायर लावू, कटकटच नको’ असंही लोक म्हणतात. चार पदरांचा अर्धा इंची होज ४१५ बार पेलतो खरा, पण तो ताठ असतो. त्याला निदान २३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं, दोन पदरांच्याला १८० पुरतं. अरुंद जागेत जबरदस्तीने वाकवलेला महागडा होज फिटिंगच्या मुळाशी मोडतो. दाबाखाली होजची लांबी थोडी कमी-जास्त होते, म्हणून तो ताणून बसवायचा नसतो, आणि नट आवळताना त्याला पीळ बसू द्यायचा नसतो. छापील ओळ सरळ रेषेत राहिली तर पीळ नाही; ती होजभोवती फिरलेली दिसली की नट सोडून पुन्हा बसवायचा. इथे मुरलेल्या मिस्त्रीचा हात कामाला येतो, त्याला पर्याय नाही. पण त्याच मिस्त्रीने जुनं फिटिंग कापून नव्या होजवर पुन्हा दाबून दिलं, तर ते नाकारावं. क्रिम्पिंग एकदाच होतं, आणि होज, फिटिंग व मशिनची डाय यांचं माप एकमेकांना जुळलेलंच असावं लागतं.

उरतो पैशाचा प्रश्न. चांगला होज महाग आहे, आणि ज्याची ट्रॉली हप्त्यावर आहे त्याला हे सांगणं सोपं नाही. पण स्वस्त होजच्या किमतीत सांडलेलं तेल, बुडालेला दिवस आणि उसाच्या फडातली आग धरलेली नसते. बारीक फवाऱ्याने निघालेलं तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं की पेट घेऊ शकतं, आणि खाली वाळलेलं पाचट असतं. शरीराचं नुकसान तर त्याहून वाईट. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत काही तासांत मांस सडायला लागतं. बोट किंवा हात कापावा लागल्याची उदाहरणं जगभरच्या वैद्यकीय नोंदींत आहेत. गळती शोधायला पुठ्ठा फिरवावा, हात कधीही नाही. कोणाला असं टोचलंच, तर हळद लावून घरी न बसता लगेच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यावं, आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावेत.

कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ३१ होतं: दाबावर चालणाऱ्या यंत्रात सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची परिणामकारक व्यवस्था करावीच लागे. शेतातली ट्रॉली कारखान्यात मोडत नाही, तिथे पाहायला निरीक्षक येत नाही. म्हणून एक गोष्ट ट्रॉलीवाल्यांना वेगळी सांगतो. योग्य होजसुद्धा कधीतरी फुटतो, आणि वर उचललेली ट्रॉली बहुधा एकाच होजच्या भरवशावर उभी असते. जॅकच्या तोंडाशी, होजच्या आधी, होज फुटताच तेल अडवणारा वॉल्व्ह बसवून घेता येतो. पुढच्या वेळी होज बदलताना तोही मागा. आणि वॉल्व्ह असो वा नसो, ट्रॉली उचलून खाली काम करायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावा, मगच खाली शिरा.