पाण्याचा आकडा कोणाच्या हाती?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी आपण वर्षानुवर्षे मोर्चे काढीत आलो. परंतु वाटप ज्या मोजमापावर उभे असते, त्याकडे चळवळीचे लक्ष क्वचितच गेले आहे.

उजनीचेच उदाहरण घ्या. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी ‘मृत साठा’ म्हणून गणले जाते आणि रोज जाहीर होणारी टक्केवारी केवळ त्यावरच्या ५३ टीएमसीची असते. त्यामुळे ‘उजनी शून्यावर’ हे ऐकून शेतकरी हबकतो, त्या दिवशीही धरण निम्म्याहून अधिक भरलेले असते! पुढे साठा ‘वजा’ जातो, तेव्हा ते पाणी कोण आणि किती उचलतो, हा खरा प्रश्न टक्केवारीत बुडून जातो.

नदीची गोष्ट याहून वेगळी नाही. पुलाच्या खांबावरील मोजपट्टी पाण्याची उंची सांगते. वाहणारे पाणी किती, हे सांगत नाही. त्यासाठी पात्राचा छेद व प्रवाहाचा वेग मोजून उंची आणि विसर्ग यांचे कोष्टक बसवावे लागते. भीमेवर टाकळी आणि सीनेवर वडकबाळ येथे केंद्रीय जल आयोग असे मोजमाप करीत आला आहे. परंतु वाळूच्या बेसुमार उपशाने पात्र खोल गेले की जुने कोष्टक खोटे ठरते. वाळूमाफिया नदीची वाळू नेतो, आणि तिचा हिशेबही बिघडवून ठेवतो.

पुराच्या वेळी ‘इतके हजार क्युसेक सोडले’ अशी घोषणा होते. ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी वाहून जाते, हे गणित अभियंत्याला पुरते. नदीकाठच्या शेतमजुराला हवे असते ते निराळेच : पाणी माझ्या उंबऱ्याशी केव्हा येणार? पंढरपूरकर पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागले की पूर ओळखतात. लोकांची ही खूण आणि शासनाचा आकडा यांची सांगड घातली गेली पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने जे हाल झाले, त्यांनी ही निकड पुरेशी स्पष्ट केली आहे.

म्हणून आपल्या मागण्या तीन. धरणातील एकूण साठा टीएमसीत रोज जाहीर व्हावा. दर पावसाळ्यानंतर पात्राचे छेद पुन्हा मोजून ते ग्रामसभेपुढे ठेवावेत. प्रत्येक नदीकाठच्या गावात, किती विसर्गाला पाणी कोठवर येते, याच्या खुणा दगडावर कोराव्यात.

आणि एक काम आपले स्वतःचे. गावोगावच्या तरुणांनी मोजपट्टी वाचून रोजची नोंद वहीत ठेवावी. ज्याच्यापाशी स्वतःची नोंद असते, त्याला अधिकाऱ्यापुढे नुसते गाऱ्हाणे मांडावे लागत नाही. तो हिशेब मागू शकतो.