न सरणारे छोटे मंत्र

जादू महाग असावी की स्वस्त, हा प्रश्न आपल्यापैकी फारसा कुणाला पडत नसेल. पण जगात असे बरेच लोक आहेत, की जे या प्रश्नावर रात्र रात्र वाद घालतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळणारी ही मंडळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट पुढे नेतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि ते साधलं की फसलं, याचा कौल फाशांकडून घ्यायचा. गोष्ट सांगण्याचाच हा खेळ असल्यामुळे माझ्यासारख्या कवितेच्या माणसालाही त्यात गोडी वाटते.

सुरुवातीच्या नियमांत जादूगाराची अवस्था मोठी केविलवाणी होती. नवख्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून आलेली. मंत्र पाठ करायचा. तो म्हटला, की डोक्यातून पुसून जातो. सकाळीच तो खर्च झाला, तर उरलेला दिवस जादूगारबुवा हातात खंजीर घेऊन योद्ध्याच्या मागे लपणार. नावाचा जादूगार, पण जादूच नाही!

मग छोटे मंत्र आले. इंग्रजीत त्यांना ‘कँट्रिप’ म्हणतात. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या पुस्तकात ते होते. धूळ झटकणं, गाठ बांधणं, भांडं चकचकीत करणं, जेवणात मीठ-मसाला आणणं, असे अगदी घरगुती. पण तेही मोजूनच मिळायचे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही मोजदाद होतीच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ‘हवं तेव्हा, हवं तितकं’ हे तत्त्व आलं. २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ या भावंड-खेळाने आणि २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीने छोटे मंत्र अमर्याद करून टाकले.

जादूगार सुखावला. सूत्रधार मात्र अडचणीत आला. कारण छोटी गोष्ट न सरणारी झाली, की ती छोटी राहत नाही.

साधा हिशेब पाहा. पाथफाइंडरच्या २००९ च्या नियमांत पाणी निर्माण करणारा मंत्र पुजाऱ्याला फुकट मिळायचा. नवखा पुजारीही एका वेळी २ गॅलन, म्हणजे साधारण साडेसात लिटर पाणी काढायचा. खेळातली एक पाळी सहा सेकंदांची. म्हणजे मिनिटाला ७५ लिटर आणि तासाला साडेचार हजार. दोन-सव्वादोन तासांत दहा हजार लिटरचा टँकर भरला! टँकरमागे धावणारे हंडे पाहिलेल्या आपल्याला या मंत्राला ‘छोटा’ म्हणवणार नाही. वाळवंट ओलांडण्याची गोष्ट रचलेल्या सूत्रधाराने मग काय करायचं? तहानच संपली, तर वाळवंट म्हणजे नुसती पिवळी जमीन.

रचनाकारांना हे कळत होतं. तिसऱ्या आवृत्तीत जखम अगदी थोडी भरून आणणारा एक छोटा मंत्र होता. तो अमर्याद ठेवला असता, तर कुणीही थोडा वेळ बसून मेटाकुटीला आलेल्या साऱ्या टोळीला ठणठणीत केलं असतं. म्हणून पाथफाइंडरने तो काढला आणि जागी दुसरा ठेवला. मरणाऱ्याला सावरून धरणारा, पण जखम न भरणारा. पाचव्या आवृत्तीत पाण्याचा मंत्रही मोजक्या मंत्रांत आहे. ठिणगी फेकण्याचा मंत्र अमर्याद आहे खरा, पण तो एकाच शत्रूवर जातो आणि नेम चुकूही शकतो. जादूचा अदृश्य हात दहा पौंडांपेक्षा जास्त उचलत नाही आणि कुणाला मारत नाही. संख्येचं कुंपण काढलं, तेव्हा कामाला कुंपण घातलं.

तरी फटी राहतातच. मदतीचा एक मंत्र आहे. तो सोबत्याच्या प्रयत्नात चार बाजूंच्या फाशाची भर घालतो. फुकटच आहे म्हटल्यावर कुणी कुलूप उघडो, भिंत चढो, की व्यापाऱ्याशी घासाघीस करो, दर वेळी टेबलावरून आवाज येतो, ‘थांब, मी मंत्र म्हणतो!’ २०२४ च्या सुधारित नियमांत हा मंत्र कोणत्या कौशल्यासाठी, ते आधी ठरवावं लागतं. कविता लिहिताना मला आपल्या मराठीतला ‘च’ असाच वाटतो. तो फुकट आहे, कुठेही लागतो. प्रत्येक शब्दाला लावला, की कशावरच जोर राहत नाही.

माझी भाची सूत्रधार होते. तिच्या खेळातल्या वाळवंटात पुजाऱ्याने पाणी काढायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला म्हटलं, ‘‘बेटा, मंत्रच बंद करून टाक ना.’’ ती म्हणाली, ‘‘नाही मामू. नियमाने दिलेलं मी कसं काढून घेऊ? गंमत बघा तुम्ही.’’

तिने पुढच्या मुक्कामी कोरड्या विहिरीचं पाचशे वस्तीचं गाव ठेवलं. माणशी ४० लिटर धरले, तर वीस हजार लिटर. पुजाऱ्याने साडेचार तास मंत्र म्हणून सगळी भांडी भरून दिली. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. पण त्या मंत्राच्या नियमात आणखी एक ओळ आहे. जे पाणी प्यायलं गेलं नाही, ते एका दिवसानंतर नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी रांजण रिकामे आणि पुजाऱ्यासमोर गाव उभं. पुढे जावं, तर मागे ही माणसं तहानलेली. थांबावं, तर ज्या कामासाठी निघाले ते राहिलं. पोरं दोन तास त्यावर भांडली. शेवटी पुजारी मागे राहिला आणि बाकीचे विहीर खोल करायला माणसं आणण्यासाठी निघाले.

मला वाटतं, या प्रश्नाची किल्ली इथे आहे. मंत्र अमर्याद असला, तरी तो म्हणणारा माणूस एकच असतो. त्याला एकाच ठिकाणी उभं राहता येतं, एका पाळीत एकच काम करता येतं. मंत्राला शब्द लागतात, म्हणून शांत गुहेत पहारेकरी ते ऐकतात. तो माणूस पाणी काढत असतो, तेव्हा पहारा देत नसतो. सूत्रधाराने मंत्र मोजण्यापेक्षा या गोष्टी मोजाव्यात. आणि एक पथ्य पाळावं. योद्ध्याचा दोर, चोराची हुशारी, कुणीतरी आठवणीने सोबत आणलेली मशाल, यांना फुकटची जादू निरुपयोगी ठरवणार नाही, एवढं पाहावं. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला आपली गरज आहे असं वाटलं पाहिजे. जादूगाराचीही गरज राहावी, म्हणूनच तर हे छोटे मंत्र अमर्याद केले होते.